म्हातारीची उतरंड

“हेही चोराचंच,” म्हणत बाईंनी चौथं पुस्तक ढकललं. ते जेवणाच्या टेबलावरून घसरत जाऊन साखरेच्या डब्याला थडकलं.

समोर भटक्यांच्या मंडळाचे चिटणीस गार झालेला चहा घेऊन बसले होते. वाळवंटातल्या वाटेसाठी नवं गाईड निवडायचं होतं. लेखक कोण ते कळू नये म्हणून सगळ्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली होती. जे पसंत पडेल ते वाटेच्या तोंडाशी असलेल्या चौकीवर ठेवायचं आणि तिथलं बाईंचं जुनं पुस्तक काढून घ्यायचं. एकही पसंत पडलं नाही, तर बाईंचंच राहणार. चिटणिसांनी हे फार जपून सांगितलं होतं. बाईंना ते सांगण्याआधीच कळलं होतं.

तशी पुस्तकं होतीही नावं ठेवण्याजोगी. एकाने वाळूच्या लाटांवर पानंच्या पानं खर्ची घातली होती, पाणी किती न्यायचं ते लिहायचं मात्र राहून गेलं होतं. दुसऱ्याने सूर्यास्ताचे फोटो छापले होते. “दिवसभर उन्हात भाजलेल्याला सूर्य मावळतो हे पुस्तकाने सांगायला हवं का?” बाईंनी विचारलं. तिसरं इतकं जाड होतं, की ते पाठीवर घेतलं तर पाणी डोक्यावर न्यावं लागलं असतं. चिटणीस हसले आणि मग हसल्याबद्दल कानकोंडे झाले.

स्वयंपाकघराच्या दारात बाईंची लेक कप पुसत उभी होती. केव्हाची तोच कप पुसत होती. दर हिवाळ्यात ती ऑफिसच्या फिरतीवर जायची आणि नाकाची सालं काढून परत यायची. बसमध्ये खिडकीशी बसू नकोस, एवढंच बाई तिला सांगायच्या. या मुलीला गल्लीचं वळण नीट कळत नाही, हे त्यांचं तिच्या लहानपणापासूनचं मत होतं.

पण फोटो आणि जाडी या वरवरच्या गोष्टी. बाईंची खरी कसोटी निराळीच होती. कुठलंही पुस्तक हाती आलं, की त्या कोरड्या ओढ्याचं पान शोधत. तिथे म्हातारीची उतरंड दिसली, की पुस्तक बाद.

उतरंड तिथे नव्हतीच. नकाशे करणारे चोर पकडायला एखादी खोटी खूण घालून ठेवतात, तशी ती बाईंनी घातली होती. तेव्हा त्या तरण्याताठ्या होत्या. कॅनव्हासचे बूट, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पत्र्याची बाटली, आणि मागून ‘हळू चाल गं’ म्हणत येणारा नवरा. ओढ्याचं पात्र तिथे नाकासमोर जातं. आंधळाही चुकायचा नाही, म्हणून खोटं घालायला त्यांनी तीच जागा निवडली. ‘ओढा संपतो तिथे उजव्या हाताला, मडक्यांसारखे एकावर एक चढलेले चपटे दगड.’ म्हातारी हे नावही बाईंना तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

“आणि कोणी शोधत बसलं तर?” नवऱ्याने विचारलं होतं.

“बसू दे की. तेवढीच विश्रांती.”

नवरा गेला, गुडघे गेले, वाट सुटली. गुपित तेवढं बाईंपाशी राहिलं.

पाचवं पुस्तक त्यांनी उघडलं आणि पानामागून पान वाचत गेल्या. पहिल्याच पानावर पाण्याचा हिशोब होता. कुठल्या उतारावर खडी पायाखालून सरकते, कुठला खडक सकाळी उशिरापर्यंत गार असतो, सगळं साध्या भाषेत लिहिलेलं. हा माणूस ही वाट स्वतः चाललेला आहे, त्यांच्या मनात आलं. चिटणीस आशेने पुढे सरकले. मग ओढ्याचं पान आलं.

‘म्हातारीची उतरंड. दुपार कलली, की हिच्या पायाशी दोन माणसांपुरती सावली पडते.’

बाई मोठ्याने हसल्या. “बाकीच्यांनी नुसती चोरी केली. या पठ्ठ्याने चोरलेल्या भांड्याला कल्हईसुद्धा केली. नसलेल्या दगडांची सावली!” आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं गुपित त्यांनी चिटणिसांना सांगून टाकलं. मग कव्हरवर फुली मारायला लाल पेन्सिल उचलली. “राहू द्या माझंच पुस्तक चौकीवर. म्हातारं आहे, पण चोर नाही.”

“आई, तू तिथे शेवटची कधी गेली होतीस?” लेकीने दारातूनच विचारलं.

“तुला काय करायचंय? तू कधी चौकीच्या पुढे पाऊल टाकलंयस?”

लेकीने कप खाली ठेवला. “लोक तुझं पुस्तक हातात धरून तिथे उभे राहायचे, आई. उतरंड दिसायची नाही. पण तुझं चुकलं असेल असं कुणालाच वाटलं नाही. वाटायचं, वाऱ्याने पडली असेल. मग मागून येणाऱ्याच्या जिवाला घोर नको, म्हणून जो तो एकेक दगड चढवून पुढे गेला.”

चिटणीस टेबलक्लॉथकडे बघत राहिले. बाईंची पेन्सिल कव्हरवर टेकली होती, पण हलत नव्हती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या नाकाची सालं अजून निघत होती.

“केवढी आहे?” बाईंनी विचारलं.

“माझ्या खांद्याला लागते,” लेक म्हणाली. “ते पान मी तिच्या सावलीत बसूनच लिहिलं.”