पुलाचं लग्न

"रविवारी लग्न आहे. येशील ना?" बाबांनी फोनवर विचारलं.

लेकीने भाजीखालचा गॅस बंद केला. "जुळलं एकदाचं?"

"जुळलं."

बाबा पूल उभारणाऱ्या टोळीचे मुकादम. दोन मॉलमधला जुना, अरुंद पादचारी पूल काढून तिथे रुंद, काचेचा पूल उभा राहत होता. एक हात या मॉलकडून पुढे सरकतो, दुसरा समोरून. मधोमध ते भेटतात त्या दिवसाला टोळीत 'लग्न' म्हणत. या बाजूचे मुलाकडचे, त्या बाजूचे मुलीकडचे. लहानपणी आईचं बोट धरून, डोक्यावरचं मोठं पिवळं हेल्मेट सावरत तिने अशी कितीतरी लग्नं पाहिली होती.

"मुलीकडचे फार ताणत होते ना?"

"दुर्बीणवाल्या बाई एक सूत इकडचं तिकडे होऊ देत नाहीत." बाबा हसले. समोरच्या बाजूची मापं या बाई दुर्बिणीतून घेत. वर्षभर बाबांच्या बोलण्यात त्यांच्याशी झालेली भांडणंच असायची. "पण दोघांनी थोडं थोडं सोडलं. जमलं."

मग ते घुटमळले. "तुझी काही हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत?"

"तसं नाही... आईला चाललं असतं ना गं?"

आई गेल्यानंतरचं हे पहिलंच लग्न. "आईला आनंदच झाला असता, बाबा. वर म्हणाली असती, शर्ट तरी नवा घ्या."

"घेतो," बाबा म्हणाले.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, मागे रेडिओ वाजत नव्हता. आई गेल्यापासून, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून घरी असताना बाबा तो सतत चालू ठेवत. बिघडला असेल. तिचा जीव तुटला. हा त्यांचा शेवटचा पूल. सोमवारपासून ते त्या घरात भिंतींकडे बघत बसणार. नाही, या वेळी त्यांचं काही ऐकायचं नाही. तिने मागची खोली रिकामी केली, पलंगावर नवी चादर घातली.

"सासरेबुवा येतील?" नवऱ्याने विचारलं.

"न येऊन सांगतात कुणाला? उचलून आणीन."

रविवारी ती पोचली तेव्हा पायात जुने बूट होते, हातात हेल्मेट. रस्ता बंद नव्हता. क्रेन नव्हती. वर काचेच्या पुलावरून माणसं पिशव्या घेऊन निवांत ये-जा करत होती.

ती धावतच जिना चढली.

पुलाच्या मधोमध बाबा उभे होते. नवा शर्ट, नीट कापलेले केस. शेजारी दुर्बीणवाल्या बाई, हातातला रुमाल पिळत. जरा मागे टोळी, आंघोळ करून आल्यामुळे चटकन ओळखू न येणारी.

"बाबा, मला उशीर झाला का? लागलं पण लग्न?"

बाबांनी तिच्या हेल्मेटकडे पाहिलं. मग बाईंकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुलाचं गेल्या महिन्यातच झालं गं," ते म्हणाले. "आज आमचं आहे."