शनिवारचे चिकू

"आता उद्या दुपारी," मोबाइल बाजूला ठेवत जतीन म्हणाला. "घरी यायला चार तरी वाजतील."

तात्यांच्या हातातला चिकू हातातच राहिला. "उद्या? अरे, आज सकाळीच यायची होती ना निधी?"

"शिकागोहून विमान निघालंच अकरा तास उशिरा, तात्या. सगळ्यांना आत बसवलं, पाच तास विमान जागीच उभं ठेवलं. मग म्हणे, वैमानिकाची ड्युटीची वेळ संपली, उतरा खाली! आता फ्रँकफर्टहून पुढचं विमान चुकणार. रात्रीच कळलं होतं, म्हटलं तुम्हाला झोपू द्यावं."

"मग फोन लाव तिला. आत्ता लाव. आईशी बोलू दे."

"ती वर आहे. फोन बंद."

वर म्हणजे कुठं, तर कुठल्या तरी समुद्रावर. तात्यांनी खिडकीतून उगाचच आभाळाकडे बघितलं.

गेली दोन वर्षं तात्यांच्या बायकोचं, बकुळाबाईंचं डोकं एकेक माणूस गाळत चाललं होतं. जतीन पोटचा पोरगा, पण दिवाळीपासून त्याला विचारायच्या, "भाऊ, तुम्ही कुणाकडचे?" उरली होती ती एकटी निधी. तीही फोनवर चालायची नाही. फोनमधली निधी त्यांना टीव्हीतली बाई वाटायची. माणूस समोर हवं. म्हणून तर तात्यांनी लेकीला सरळ सांगितलं होतं, "रजा मिळो न मिळो, निघ. आई ओळखतेय तोवर ये."

आणि आज काय झालं होतं बघा! बकुळाबाई उठल्या त्याच पूर्वीच्या होऊन. स्वतःची वेणी स्वतः घातली. जतीनला जतीन म्हणून हाक मारली. चहात आलं कमी पडलं म्हणून सुनेला फैलावर घेतलं, तर निलम स्वयंपाकघरात जाऊन रडली. सासूची बोलणी खाऊन एवढं सुख कुणाला झालं नसेल. पण डहाणूच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, अशी सकाळ आली तर येईल, टिकणार नाही. फार तर दुपारपर्यंत.

तात्यांचा सगळा जन्म दिवस मोजण्यात गेला होता. चिकू झाडावर पिकवून चालत नाही. नखाने जरासं खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळट दिसलं की काढायचं. मंगळवारी काढला की शनिवारी खावा. रविवारी तो उतरला. या हिशोबावर त्यांनी चाळीस वर्षं दिल्लीला माल धाडला, आणि एक पेटी कधी नासून परत आली नाही. लेक शनिवारी येणार म्हणून त्यांनी मंगळवारी, अंगणातल्या निधीच्या झाडाचे, पंचवीस चिकू स्वतः काढून पेंढ्यात घातले होते. आज पेटी उघडली तर सगळे कसे एका दमात तयार. फळ वेळेवर आलं होतं. बकुळाही वेळेवर आली होती.

ओटीवरच्या झोपाळ्यावरून हाक आली, "अहो! पोरगी कुठवर आली?"

तात्या बाहेर गेले. चिकूची टोपली त्यांनी बायकोपुढे ठेवली. बकुळाबाईंनी एकेक चिकू दाबून बघितला, सगळ्यांत मोठा निवडला आणि मांडीवर ठेवला. "हा निधीचा. बोला, कुठवर आली?"

"अगं, विमान लेट आहे."

बकुळाबाईंनी नवऱ्याकडे रोखून बघितलं. डोळे कसे लख्ख होते. "वर्षभर हेच सांगताय. असलं कसलं हो मेलं विमान?"

तात्यांची मान खाली गेली. खरंच होतं ते. वर्षभर बायको दिवसातून दहा वेळा विचारायची आणि ते दहा वेळा तेच सांगायचे. येणार नाही म्हटलं की ती रडायची. लेट आहे म्हटलं की निवांत झोके घ्यायची. कुठं लक्षात राहणार आहे, म्हणून सांगितलेली थाप! आणि आज खरं बोलायची वेळ आली, तर तोंडात तेवढंच वाक्य.

"आज खरंच लेट आहे गं. तुझ्या गळ्याची शपथ."

"येणार नाही म्हणा की सरळ," त्या म्हणाल्या. "मी काय लहान आहे?"

तात्या शेजारी बसले. बाराला ऊन ओटीवर आलं. तोवर त्यांनी बायकोला गप्प राहू दिलं नाही. निधीला गोवर आला तेव्हाचं काढलं, तिच्या लग्नातल्या वरातीचं काढलं. बोलत राहिली तर टिकेल, असं आपलं त्यांना वाटलं. एकच्या सुमारास त्यांनी वरातीतल्या घोड्याची गंमत परत सांगितली, तेव्हा बकुळाबाई हसल्या आणि अदबीने म्हणाल्या, "तुमचंही लग्न झालंय का, भाऊ?"

तात्या उठून मागल्या दारी गेले. तिथं तोंड धूत बराच वेळ उभे राहिले.

रविवारी सव्वाचारला गाडी फाटकाशी थांबली. निधी बॅगा तशाच टाकून धावत ओटीवर आली आणि आईच्या पायांशी बसली. "आई, आले गं मी!"

बकुळाबाईंनी झोपाळा थांबवला. "बस हो पोरी. केवढी दमलीस उन्हातून! चिकू खा." त्यांनी टोपली पुढे सरकवली. चिकू उतरले होते, सालींना सुरकुत्या पडल्या होत्या.

रडत रडत निधीने आईच्या मांडीवरच्या मोठ्या चिकूला हात लावला. बकुळाबाईंनी तो चटकन पदराखाली घेतला.

"तो नको हं. तो माझ्या निधीचा. विमान लेट आहे तिचं, आमचे हे म्हणालेत." त्यांनी दारात उभ्या तात्यांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि परत पोरीकडे वळल्या. "आणि हे कधी खोटं बोलत नाहीत."