वीणेचा पहारा

निवडणुकीचं भरारी पथक मंडपात आलं तेव्हा वीणा नत्थूजींच्या गळ्यात होती. बारा वाजल्यापासून होती. त्यांचा पहारा बारा ते एकचा. पण एकचा माणूस आला नाही, दोनचाही आला नाही, आणि तीनवाल्याचा फोन बंद लागत होता. सप्ताहाची वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नसते. म्हणून चक्कीवाले नत्थूजी, वय वर्षं चौसष्ट, सुजल्या पायांवर विठ्ठल विठ्ठल म्हणत उभेच होते.

समोर सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. महाप्रसाद नुकताच आटोपला होता. बरीचशी पेंगत होती, बाकीची मोबाइल बघत होती.

पथकाचे साहेब म्हणजे काटोलकडच्या शाळेतले मास्तर, निवडणुकीच्या ड्यूटीवर आलेले. त्यांनी बूट बाहेर काढले, कॅमेरावाल्याला दारातच थांबवलं, विठ्ठलाच्या तसबिरीला हात जोडले, आणि मग अगदी हळू आवाजात सांगितलं की तक्रार आली आहे. महापालिकेचा उमेदवार, म्हणजे नत्थूजी, सप्ताहात पुढे उभा राहून मिरवतो म्हणून. तेव्हा एक तर ही प्रचारसभा असं लिहावं लागेल, म्हणजे मंडपाची परवानगी जाईल आणि संध्याकाळचं कीर्तन होणार नाही. नाहीतर नत्थूजींनी आत्ता बाहेर पडावं, मतदान होईपर्यंत इकडे फिरकू नये. उमेदवारी मागे घेतली तर मात्र काहीच प्रश्न नाही. उद्या तीनपर्यंत मुदत आहे.

नत्थूजींनी मान डोलावली. पारशिवनीचे बुवा संध्याकाळी उभे राहणार होते. त्यांच्या कीर्तनासाठी नत्थूजी वर्षभर थांबत. तरी बाहेर जायला ते तयार होते. फक्त वीणा कोणीतरी घ्यायला हवी होती.

त्यांनी समोर पाहिलं. एकाची कंबर धरली होती. एकाचा पहारा उद्याचा होता, आजचा नव्हे. तिसऱ्यानं तोडगा सुचवला की जुन्या नगरसेवकाला फोन करावा, तो एखादा माणूस पाठवून देईल. हे सगळ्यांना पटलं, पण फोन कोणी लावला नाही.

साहेब खांबाला टेकले. सकाळपासूनचे तेही उभेच होते. म्हणाले, "काका, तुम्ही काहून उभे राहिले हो? निवडणुकीले म्हणतो मी."

नत्थूजी आठ दिवस दारोदार हेच सांगत फिरले होते, पुन्हा एकदा सांगितलं. आवाजात आता जोर राहिला नव्हता. पूर्वी गल्लीतली नाली गल्लीच साफ करायची, दर रविवारी, लांब बांबू घेऊन, आणि मग चहा. पुढे वरून निरोप आला की तुम्ही हात लावू नका, आमचा माणूस येईल. माणूस कधी आला, कधी नाही आला, पण बांबू मात्र गल्लीतून गेला. मग विहिरीचं तसंच झालं, शाळेच्या अंगणाचं तसंच. आता कोणाकडे मयत झाली तरी पहिला फोन साहेब लोकांना जातो, शेजाऱ्याला नंतर. सरकारवर त्यांचा राग नव्हता. पाणी, रस्ता, दवाखाना, पोलीस एवढं त्यानं नीट बघावं. बाकीचं लोकांच्या हातात राहू द्यावं, नाहीतर हातच जातात. लोक हे ऐकून घेत आणि विचारत, आमच्या गल्लीत रस्त्याला सिमेंटचे गट्टू कधी बसवून देता?

"म्हणजे सरकार कमी करायले तुम्ही सरकारातच चालले," साहेब हसले.

"दार आतून लागते, साहेब. बाहेरून ओढून ओढून थकलो मी."

"आत गेलेले सगळे असंच म्हणून गेले, काका."

नत्थूजींनी वीणेचा पट्टा खांद्यावर सरकवून घेतला. मग म्हणाले, "त्याचंच भेव आहे मले."

वीस मिनिटं गेली. पथकाला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. मामाच्या गावी त्यांनीही पहारे दिले होते. माणूस येईपर्यंत ते धरून उभे राहतील म्हणाले.

मंडप सैलावला. कोणीतरी म्हणालं, बेस झालं. एकानं तर उशाला टॉवेल घेतला.

नत्थूजींचे हात गळ्यातल्या पट्ट्याशी गेले. खांदा सोलवटला होता. हात तिथेच थांबले.

"नाही, साहेब. तुम्ही घेतली तर हे उठणारच नाहीत."

"मग मले लिहावं लागन."

"लिहा."

साहेबांनी खरंच पेन काढलं. कॅमेरावाला आत आला. मंडप जाणार हे आता पेंगणाऱ्यांनाही कळलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले, मग खाली पाहू लागले.

बायकांच्या बाजूला शोभाताईंनी गुडघ्यावर हात टेकला. कालच त्यांनी नत्थूजींना दारातून परत पाठवलं होतं, गट्टू नाही तर मत नाही म्हणून. त्या कण्हत उठल्या, पदर खोचला, पुढे आल्या. बाईनं वीणा घेतल्याचं त्या मंडपात कोणाला आठवत नव्हतं. पण हरकत घ्यायची तर आधी स्वतः उठावं लागलं असतं.

पट्टा त्यांच्या गळ्यात गेला. साहेबांचं पेन थांबलं. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायची रीत असते. नत्थूजी वाकले.

"धरतो मी, नत्थूभाऊ," शोभाताई वरून म्हणाल्या. "पण किती वेळ?"

नत्थूजींना लवकर सरळ होता आलं नाही. वाकल्या वाकल्याच ते म्हणाले,

"दुसरं कोणी उठेपर्यंत, ताई."