माहेरच्या गोगलगायी

कुंदाने तळ्यातून आणलेल्या, ग्लासातल्या गोगलगायीवर भिंग धरलं. तिच्यातून बाहेर पडलेले बारीक जंत पाण्यात वळवळत होते.

पूर्वी हेच जंत कातडीतून शिरून निम्म्या गावाला अंथरुणाला खिळवून गेले होते. औषध लागू पडेना. कुंदाची सासू त्यातच गेली. जंत वाढायचे ते फक्त गावच्या तळ्यातल्या गोगलगायींत. म्हणून कुंदाने त्या वेचून नष्ट केल्या आणि माहेरच्या तळ्यातल्या इथे आणून सोडल्या. त्यांच्यात जंतांना शिरता येईना. गाव सावरलं, लोक पुन्हा पाण्यात उतरू लागले.

ती धावतच तळ्यावर गेली. सासरे कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे काढत होते.

“मामाजी, बाहेर या! जंत परत आले!”

“तुह्या गोगलगायींत? त्यायले तर शिरताच येत नव्हतं ना?”

“तेव्हा येत नव्हतं. इतक्या वर्षांत शिकले ते.”

म्हातारा जागचा हलला नाही. “मी तं भिजलोच आहे, पोरी. एवढे शिंगाडे काढतो. तू गावाले सांग.”

कुंदा क्षणभर काठावर थबकली. मग साडी खोचून पाण्यात उतरली आणि त्याचं मनगट धरून त्याला ओढत बाहेर घेऊन आली.

काठावर बसल्यावर दोघांचेही पाय खाजू लागले.