दुसरीचा होकार

ही गोष्ट २०२२ सालची. गणपती जाऊन आठवडा झाला असेल. महाडच्या एका फार्मसी कॉलेजातल्या औषध-माहितीच्या खोलीत शर्मिला मॅडम माहरुखच्या डब्यातला समोसा खात होत्या, आणि अनुपमा ते बघत होती.

"हे समोसे तुझ्या आईचे की तुझे गं?" मॅडमनी विचारलं.

"अम्मीचे. मी फक्त खाते," माहरुख म्हणाली, आणि दोघी हसल्या. अनुपमाच्या डब्यातली नाचणीची भाकरी कुणी विचारली नव्हती.

त्या खोलीत एक फोन, दोन खुर्च्या आणि कपाटभर पुस्तकं. आसपासचे डॉक्टर फोन करून विचारत, हे औषध त्या औषधाबरोबर चालेल का, अमक्याला मात्रा किती द्यावी. उत्तर शेवटच्या वर्षाच्या मुलींनी शोधायचं. नियम मॅडमनी डोक्यात ठोकून बसवलेला होता. दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी शोधायचं, एकमेकींचं न बघता. उत्तरं जुळली की पहिलीनं डॉक्टरांना कळवायचं. नाही जुळली तर मॅडमकडे जायचं.

पहिली नेहमी माहरुख असायची. तिचा भाऊ ताबिश कुवेतला होता, त्यानं तिला फोनवर औषधांचं महागडं ॲप घेऊन दिलं होतं. बोट फिरवलं की उत्तर हजर. अनुपमा ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक उचलून आणायची.

"काय गो अनु, अजून पानंच उलटतेयस?" माहरुख म्हणायची. तिच्या मनात काही नसायचं. अनुपमाला मात्र ते बस पोलादपूरला पोचेपर्यंत टोचत राहायचं.

निकाल लागला की गावातलं एक हॉस्पिटल दोघींपैकी एकीला घेणार होतं. औषधं देताना होणाऱ्या चुका पकडायचं काम. नाव मॅडम सुचवणार होत्या. आणि अनुपमाचे वडील भागोजी यांनी जेवताना सांगून टाकलं होतं, "नोकरी लागली तर कर. नाय तर मामाचा पोरगा हाय भांडुपला. मी शब्द दिलाय."

त्या दुपारी मॅडम वर्गावर गेल्या आणि पोलादपूरहून डॉ. मोरे यांचा फोन आला. रंगूबाई नावाची म्हातारी, हृदय थकलेलं, मूत्रपिंडंही कमजोर. डिगॉक्सिनची गोळी रोज किती द्यावी?

अनुपमाला पुढच्याच पानावर सापडलं. मूत्रपिंडं अशी असतील तर निम्मी मात्रा. पाणी प्यायला उठताना तिनं जे करायचं नव्हतं तेच केलं. माहरुखच्या खांद्यावरून वाकून बघितलं. कागदावर पूर्ण मात्रा होती. ॲप आधी वयावरून आणि वजनावरून आकडा दाखवायचं. मूत्रपिंडाचा भाग खाली सरकवल्यावर यायचा, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी फोन आल्यामुळे माहरुखचं बोट तिथवर गेलंच नव्हतं.

अनुपमाला आतून गुदगुल्या झाल्या.

"नाही जुळत" म्हटलं असतं तर मॅडम "बरं झालं दोघी होतात" म्हणाल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं गेलं असतं. पण हीच मात्रा माहरुखच्या आवाजात गेली तर? चूक आज ना उद्या उघडी पडणारच होती. दुसरीचा होकार कुठं नोंदला जात नव्हता. डॉक्टर फक्त बोलणारीला ओळखत.

"जुळलं?" रिसीव्हर उचलत माहरुखनं विचारलं.

"जुळलं," अनुपमा म्हणाली.

पुस्तक टेबलावर तसंच उघडं टाकून ती बसला पळाली.

घरी आई, बनुबाई, म्हणाली, "काय झालं गो? तोंड का उतरलंय?"

"काय नाय."

तिनं मोबाईल हातात घेतला. न बघितलेली ती म्हातारी डोळ्यांपुढे आली. मग भांडुप आलं. तिनं मोबाईल ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉ. मोरे स्वतःच कॉलेजात आले. अनुपमानं डोकं पुस्तकात घातलं.

"तुमच्यात अनुपमा कोण?" त्यांनी विचारलं. "शाबास, पोरी! ती मात्रा चार दिवस चालू राहिली असती तर म्हातारी हातची गेली असती. मी वॉर्डात होतो, तुझा फोन सिस्टरनं घेतला. 'मी अनुपमा बोलतेय, मघाची मात्रा चुकली, निम्मी द्या,' म्हणालीस म्हणे."

अनुपमानं फोन केलाच नव्हता. तिनं माहरुखकडे पाहिलं. माहरुखची मान खाली. मॅडम पदरानं चष्मा पुसत होत्या.

असं होय! अनुपमाच्या डोक्यात प्रकाश पडला. हिला मागून चूक कळली. आपल्या नावानं कबूल करायची लाज वाटली, म्हणून माझं नाव पुढं केलं.

बाहेर व्हरांड्यात माहरुखनं तिचा हात धरला. "तू केलंस ते मी विसरणार नाही, अनु."

काय नाटकी बाई! "मीही नाही विसरणार," अनुपमा म्हणाली.

मॅडमनी हॉस्पिटलला अनुपमाचंच नाव दिलं. भागोजींनी भांडुपला निरोप धाडला.

रंगूबाई अजून आहे, तपासणीला आली की सिस्टरांना शिव्या घालते. डॉ. मोरे यांची बदली कशेडीपलीकडे खेडला झाली. माहरुख लग्न होऊन कुवेतला गेली, तिथल्या एका हॉस्पिटलात औषधंच बघते. दर ईदला फोन करते आणि तेच म्हणते, "तू होतीस म्हणून." अनुपमा कामाचं निमित्त सांगून फोन आवरता घेते. हिचं बिंग आपण फोडलं नाही, केवढे उपकार केले, असं तिला दर वेळी वाटतं. हॉस्पिटलात तिचा दरारा आहे. तिनं स्वतः पडताळल्याशिवाय गोळी खिडकीबाहेर जात नाही.

शर्मिला मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी पाया पडून उठताना अनुपमाला राहवलं नाही.

"मॅडम, आता सांगते. तो फोन माझा नव्हता. माहरुखनं माझं नाव घेऊन केला होता."

मॅडमनी शालीची घडी मांडीवर नीट केली.

"माहरुखला आपली चूक दुसऱ्या दिवशी कळली, डॉक्टर आले तेव्हा," त्या म्हणाल्या. "टेबलावर तुझं पुस्तक उघडं होतं, शेजारी तिचा कागद. तू करायला हवा होतास तो फोन मी केला होता, अनुपमा."