बघण्यासारखी आहे का?

आत्याने लग्नासाठी सुचवलेल्या मुलीला चष्म्याचं दुकान चालवणारा तो पहिल्यांदा भेटला, तेव्हा दोघांनी एकमेकांच्या कामाची चौकशी केली. ती ग्रंथपाल होती. निघताना म्हणाली, "एक जपानी ॲनिमे मालिका आहे, चोवीस भागांची. बघण्यासारखी आहे का, तेवढं सांगाल?"

त्याने काम मनावर घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो एक भाग बघायचा. पहिले सहा भाग एक मुलगा बस थांब्यावर उभा होता. सातव्यात बस आली, पण तो चढला नाही.

"अरे, छान आहे म्हणून कळवून टाक," आत्या म्हणाली. "खरं बोलून बोलून दोन स्थळं घालवलीस. ही तरी सोडू नकोस."

मुलगी त्याला आवडली होती. पंधरा दिवसांनी दोघं एका कॅफेत भेटली.

"चोवीसही भाग पाहिले," त्याने सांगितलं. "शेवटपर्यंत काहीच घडत नाही. तुम्ही वेळ घालवू नका."

तिने कप खाली ठेवला. "मी तीनदा पाहिलीय. माझी सगळ्यात आवडती आहे."

तिसरं स्थळही गेलं, असं समजून त्याने बिल मागवलं.

"रविवारी घरी याल? आईबाबांना भेटायला," ती म्हणाली.

"पण मला तर मालिका आवडली नाही."



"तुमच्याआधी बघायला आलेल्या चौघांना हीच मालिका सांगितली होती. चौघांनीही दुसऱ्याच दिवशी कळवलं, शेवटपर्यंत पाहिली, फार आवडली."