बेटावरची वही

१९६४ च्या मे महिन्यात आमच्या आंदर मावळातल्या धरणाचं पाणी उतरलं आणि मधलं बेट काठाला लागलं. सुट्टीत तिथे शेळ्या चारायला जाणाऱ्या मुलांना मी एकेक वही दिली. म्हटलं, "पाखरू दिसो की जनावर, ओरडायचं नाही, हलायचं नाही. ते काय करतं, तेवढं लिहायचं."

जूनमध्ये शाळा भरली. ठाकरवाडीतल्या बुधाच्या चिंगीची वही सगळ्यांत जास्त भरली होती. खंड्या, टिटवी, घार, मुंगूस. मी कौतुकाने वर्गात मोठ्याने वाचू लागलो. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "बिबट्या आला. आमची शेळी धरली आणि करवंदीच्या जाळीत नेली. मी हलले नाही. ओरडले नाही."

मी वाचायचा थांबलो. बुधाकडे ती एकच दुभती शेळी होती. तिच्याच दुधावर चिंगीचा धाकटा भाऊ वाढत होता.

"येडी का गं तू?" मागून मारुती म्हणाला. "वरडली आसतीस तर टाकून पळाला आसता त्यो!"

"ठावं हाय मला," चिंगी म्हणाली. "पन वरडायचं नव्हतं."

मी वही मिटली. पोरीकडे बघायचा धीर होईना. तीच उठून माझ्या टेबलापाशी आली.

 

"गुरुजी, शेवटच्या पानाचं अक्षर लय वंगाळ आलंय. हात थरथरत व्हता. परत लिवून आनू का?"